पोर्टल ॲक्सल : उसात चालण्यासाठी ट्रॅक्टर उंच करावा का?

कोल्हापूर जिल्ह्यात उसाची भरणी जवळ आली की अनेक ट्रॅक्टरमालकांची एकच अडचण असते. ऊस वाढलेला असतो, ट्रॅक्टरचे पोट उसाला घासते, कोंब मोडतात आणि काम अर्धे राहते. राजारामपुरीला लागून असलेल्या शिवाजी उद्यमनगरात लेथ, गिअर कटिंग, वेल्डिंग अशी सर्व कामे होत असल्याने 'ट्रॅक्टरच उचलून घेऊ' हा विचार सहज मनात येतो. ट्रॅक्टर किंवा जीप उंच करण्याचा सर्वांत परिणामकारक यांत्रिक उपाय म्हणजे पोर्टल ॲक्सल. तो कसा चालतो, त्याने उसात नेमके किती साधते आणि त्याची किंमत कशात मोजावी लागते, याची माहिती या लेखात दिली आहे.

थोडक्यात महत्त्वाचे

- पोर्टल ॲक्सलमुळे टायर न बदलता गाडीचे पोट वर जाते. त्याबरोबर गुरुत्वमध्यही वर जातो आणि गाडी उलटण्याचा धोका वाढतो.
- उसात या वाढीव उंचीचा उपयोग साधारण बाळभरणीच्या आसपासच्या काही आठवड्यांपुरता होतो. मोठ्या बांधणीला तो पुरत नाही.
- मोठी बांधणी यंत्राने करायची असेल तर ट्रॅक्टर उंच करण्यापेक्षा लागणीच्या वेळी सरीचे अंतर वाढवणे स्वस्त, सुरक्षित आणि खात्रीचे ठरते.
- जुन्या ट्रॅक्टरला वर्कशॉपमध्ये असा बदल करून घेऊ नये. गरज असेल तर कंपनीकडूनच जास्त उंचीचे आलेले मॉडेल घ्यावे.

ग्राउंड क्लिअरन्स म्हणजे काय?

जमीन आणि गाडीचा सर्वांत खालचा भाग यांमधील अंतराला ग्राउंड क्लिअरन्स म्हणतात. आपल्याकडील ३५ ते ५० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरमध्ये हे अंतर साधारण ३५० ते ४५० मिमी असते. मिनी ट्रॅक्टरमध्ये ते याहून कमी असते.

माहितीपत्रकातील आकड्यावर विसंबून राहू नये. ट्रॅक्टर सपाट फरशीवर उभा करून पुढचा ॲक्सल, इंजिनचा चेंबर, गिअरबॉक्सचा तळ, मागच्या ॲक्सलची घोडी आणि हिच यांची उंची टेपने मोजावी. बहुतेक वेळा पुढचा ॲक्सल किंवा मागचा हिच सर्वांत खाली असतो. पिकाला आधी लागतो तो भाग कोणता, हे कळल्याशिवाय उंची वाढवण्याचा विचार करण्यात अर्थ नाही. काही वेळा हिचचा ब्रॅकेट वर घेतला किंवा खाली लोंबणारी पट्टी काढली तरी ३ ते ५ सेंमी उंची फुकट मिळते.

पोर्टल ॲक्सल कसा चालतो?

येथे 'पोर्टल' म्हणजे अर्ज भरायचे संकेतस्थळ नव्हे. पोर्टल म्हणजे कमान किंवा वेस. दोन चाके दोन खांबांसारखी आणि त्यांच्यावर आडवा ॲक्सल, असा वेशीसारखा आकार दिसतो म्हणून हे नाव पडले.

साध्या ॲक्सलमध्ये डिफरन्शियलमधून निघणारा शाफ्ट थेट चाकाच्या केंद्रात जातो. त्यामुळे ॲक्सलची उंची चाकाच्या त्रिज्येवर ठरते. पोर्टल ॲक्सलमध्ये शाफ्ट चाकाच्या केंद्रापेक्षा वर असतो. चाकाजवळच्या बंद पेटीत वरचा लहान गिअर आणि खालचा मोठा गिअर असतो व चाक खालच्या गिअरला जोडलेले असते. या दोन गिअरच्या केंद्रांमधील उभे अंतर जितके, तितका ॲक्सल वर जातो. हे अंतर १२० मिमी असेल तर डिफरन्शियलचे पोटही १२० मिमी वर जाते.

याबरोबर आणखी दोन गोष्टी घडतात :

- वेग कमी, ओढ जास्त : वरच्या गिअरला १२ आणि खालच्याला १८ दाते असतील तर चाकाचा वेग दोन तृतीयांश होतो आणि पीळ दीडपट मिळतो. ताशी ३० किमी धावणारा ट्रॅक्टर २० किमीने धावेल. उसाच्या वाहतुकीला हा तोटा आहे.
- फिरण्याची दिशा : दोनच गिअर असतील तर चाक उलट दिशेने फिरते. म्हणून मध्ये तिसरा गिअर घालतात किंवा डिफरन्शियलमधील क्राउन गिअर दुसऱ्या बाजूला बसवतात. हे न करता पेटी जोडली तर पुढचा गिअर टाकल्यावर ट्रॅक्टर मागे जाईल.

शेतीत हे तत्त्व नवे नाही

पोर्टल ॲक्सलची सर्वांत प्रसिद्ध गाडी म्हणजे जर्मनीची उनिमोग. दुसऱ्या महायुद्धानंतर अल्बर्ट फ्रीडरिश या अभियंत्याने ती शेतीच्या कामासाठी आखली आणि १९४६ मध्ये तिचा पहिला नमुना चालला. तिच्या चाकांमधील अंतर १२७० मिमी ठेवले होते, कारण बटाट्याच्या दोन ओळींचे माप तेवढे होते. म्हणजे आधी पिकाच्या ओळीचे माप घेतले आणि मग त्यावर गाडी बेतली. आपल्यासाठी हाच धडा महत्त्वाचा आहे.

अमेरिकेत ऊस आणि उंच भाजीपाल्यासाठी 'हाय-क्रॉप' प्रकारचे ट्रॅक्टर कारखान्यातूनच तयार होत. त्यांत मागच्या चाकांजवळ खाली उतरणाऱ्या गिअर किंवा साखळीच्या पेट्या असत आणि पुढचा ॲक्सलही तितकाच उंच असे. काही लहान फोर-व्हील ट्रॅक्टरमध्ये पुढच्या चाकांना उभ्या शाफ्टवरील बेव्हल गिअरने ताकद देतात. तेथेही आडवा ॲक्सल चाकाच्या केंद्रापेक्षा वर राहतो. या सर्वांत ॲक्सल, गिअर, ब्रेक, हिच आणि चाकांमधील अंतर एकत्र आखलेले असते. जुन्या ट्रॅक्टरला नंतर पेटी जोडताना नेमकी हीच गोष्ट सुटते.

उसात प्रत्यक्ष किती उंची मिळते?

ऊस सरीत लावतात तेव्हा रोप खाली आणि वरंबा वर असतो. एका ओळीवरून ट्रॅक्टर नेताना चाके दोन्ही बाजूंच्या वरंब्यांवर चालतात, म्हणून ट्रॅक्टर उसापेक्षा उंचावर असतो. बाळभरणीत वरंबा फुटून माती उसाच्या बुडाशी येते आणि जमीन जवळजवळ सपाट होते. मोठ्या बांधणीनंतर ऊस वरंब्यावर येतो आणि चाक सरीत उतरते. म्हणजे हंगाम पुढे जातो तशी उसाची उंची वाढते आणि ट्रॅक्टरची उपयुक्त उंची घटते.

उदाहरणादाखल ४० सेंमी ग्राउंड क्लिअरन्सचा ट्रॅक्टर आणि १५ सेंमी वाढ देणारा पोर्टल ॲक्सल घेऊ. उंची उसाच्या बुडापासून मोजली आहे :

- बाळभरणीपूर्वी, वरंबा १५ सेंमी : साधा ट्रॅक्टर ५५ सेंमी, पोर्टलसह ७० सेंमी.
- बाळभरणीनंतर, जमीन सपाट : साधा ट्रॅक्टर ४० सेंमी, पोर्टलसह ५५ सेंमी.
- मोठ्या बांधणीनंतर, सरी २० सेंमी खोल : साधा ट्रॅक्टर २० सेंमी, पोर्टलसह ३५ सेंमी.

चाक भुसभुशीत जमिनीत ५ सेंमी रुतले तर प्रत्येक आकड्यातून तेवढे वजा करावे.

कोवळ्या उसाची पाने ट्रॅक्टरखाली वाकतात आणि पुन्हा उभी राहतात, कारण या काळात वाढीचा बिंदू पोंग्यात जमिनीलगत असतो. कांड्या सुटू लागल्या की हा बिंदू वर सरकतो. त्यानंतर पोट घासले तर पाने नव्हे, ऊसच मोडतो आणि मोडलेल्या उसाची वाढ तेथेच थांबते. मोठ्या बांधणीच्या वेळी कांड्या सुटलेल्या असतात आणि ऊस पानांसह माणसाच्या छातीला किंवा त्याहून वर लागतो. तेथे १५ सेंमी वाढीने काही साधत नाही.

शेतातील सोपी चाचणी : ओळीतील दहा ठिकाणी जेठा कोंब हाताने चाचपून पाहावा आणि टणक भाग कोठपर्यंत आला आहे ते बुडापासून मोजावे. सर्वांत मोठे माप ट्रॅक्टरच्या उपयुक्त उंचीपेक्षा किमान १० सेंमीने कमी असेल तरच ओळीवरून ट्रॅक्टर न्यावा.

उंचीची खरी किंमत : उलटण्याचा धोका

ट्रॅक्टर बाजूला कधी उलटेल, हे चाकांमधील अंतर आणि गुरुत्वमध्याची उंची यांवर ठरते. समजा चाकांमधील अंतर १.३० मीटर आणि गुरुत्वमध्य ७५ सेंमी उंचीवर आहे. अशा स्थितीत उभा ट्रॅक्टर हिशेबाने सुमारे ४१ अंशांच्या कलापर्यंत टिकतो. तोच २० सेंमीने उंच केला तर ही मर्यादा सुमारे ३४ अंशांवर येते. पुढचा ॲक्सल मधल्या पिनवर डोलत असल्याने आणि चालताना खड्डा, वळण, वेग यांचा झटका बसत असल्याने प्रत्यक्ष मर्यादा याहून बरीच कमी असते.

पूर्वीइतकी स्थिरता परत मिळवायची असेल तर २० सेंमी उंचीसाठी चाकांमधील अंतर सुमारे ३५ सेंमीने वाढवावे लागते. चार फुटी सरीत एका ओळीवरून जाण्यासाठी चाकांमधील अंतर १२० सेंमीच हवे. म्हणजे ज्या शेतात उंची हवी असते, त्याच शेतात रुंदी वाढवायला जागा नसते.

इतर धोकेही लक्षात घ्यावेत :

- पुढचा भाग उचलणे : चाकावरील पीळ वाढतो आणि हिचही वर जातो. भरलेल्या ट्रॉलीसह चढावर किंवा रुतलेल्या चाकाने जोर लावल्यास ट्रॅक्टर मागे उलटू शकतो.
- अवजाराची खोली : खालचे लिंक वर गेल्याने नांगर, रिजर आणि रोटावेटर यांचा कोन बदलतो. पीटीओ शाफ्टचा कोन वाढून क्रॉस लवकर तुटतात.
- फोर-व्हील ट्रॅक्टर : फक्त मागे पेट्या बसवल्यास पुढच्या-मागच्या चाकांचा वेग जुळत नाही. टायर झिजतात आणि गिअर तुटतात.
- पेटीवरील ताण : मागच्या एका चाकावर ६५० किलो भार, टायरची पकड ०.७ आणि त्रिज्या ६० सेंमी धरली तर त्या चाकाच्या गिअरवर सुमारे २७० किलो-मीटर पीळ येतो. एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला २७० किलो वजन टांगावे, तेवढा हा ताण आहे. डिफरन्शियल लॉक लावल्यावर तो एकाच चाकावर आणखी वाढू शकतो. साध्या पोलादाचे गिअर आणि पत्र्याची वेल्डिंग केलेली पेटी यात फार काळ टिकत नाही. पेटी फुटली तर चाकच निखळते.

टायर आणि सस्पेन्शनचे पर्याय

मोठा टायर बसवल्यास त्याच्या व्यासातील वाढीच्या निम्मीच उंची मिळते. व्यास १०० मिमीने वाढला तर पोट ५० मिमी वर जाते. मोठ्या टायरला फेंडरजवळ जागा लागते, वेगाचे गणित बदलते आणि फोर-व्हील ट्रॅक्टरमध्ये पुढचा-मागचा टायर जोडीने बदलावा लागतो. म्हणून कंपनीने त्या मॉडेलसाठी मान्य केलेलेच माप वापरावे.

पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी भागातील खडकाळ आणि चाकोरी पडलेल्या वाटांवर जीप किंवा पिकअप वापरणाऱ्यांनी एक फरक समजून घ्यावा. स्प्रिंगखाली ठोकळे घालून किंवा पाटे वाढवून गाडीची बॉडी वर जाते. अखंड ॲक्सल असलेल्या गाडीचा डिफरन्शियल मात्र आहे तेथेच राहतो. चाकोरीच्या मधल्या उंचवट्याला तोच आदळतो. डिफरन्शियल वर नेण्याचे मार्ग दोनच : मोठे टायर किंवा पोर्टल ॲक्सल. शेतमाल वाहणाऱ्या गाडीसाठी वाटेत मुरूम टाकून चाकोरी भरणे हा या दोन्हींपेक्षा कमी खर्चाचा उपाय आहे.

आधी सरीचे माप ठरवावे

उसाच्या खतवेळापत्रकात नत्राचा १० टक्के हप्ता लागणीच्या वेळी, ४० टक्के सहा ते आठ आठवड्यांनी, १० टक्के बारा ते सोळा आठवड्यांनी आणि उरलेला ४० टक्के मोठ्या बांधणीच्या वेळी देण्याची शिफारस आहे. स्फुरद व पालाशचा निम्मा हप्ताही मोठ्या बांधणीलाच द्यायचा असतो. बांधणी चुकली तर हे खत मातीआड होत नाही, उशिरा येणारे फुटवे दबत नाहीत आणि पावसाळी वाऱ्यात ऊस लोळतो. जानेवारीत लावलेल्या सुरू उसाची मोठी बांधणी मे ते जूनच्या सुरुवातीस येते. वळीव आणि मॉन्सून सुरू होण्याआधी ती उरकावी लागते. म्हणून कोणते यंत्र केव्हा आत जाईल, हे लागणीच्या दिवशीच ठरलेले असावे.

- तीन ते साडेतीन फुटी सरी : मोठ्या ट्रॅक्टरची चाके ओळीला बसत नाहीत. उंची वाढवूनही उपयोग नाही. बैल किंवा लहान पॉवर टिलरनेच काम करावे.
- चार ते साडेचार फुटी सरी : चाकांमधील अंतर १२० ते १३५ सेंमी करून बाळभरणीपर्यंत एका ओळीवरून ट्रॅक्टर नेता येतो. त्यासाठी सामान्यतः कंपनीची मूळ उंची पुरते. मोठ्या बांधणीसाठी पॉवर टिलर वापरावा.
- पाच फुटी सरी किंवा २.५ × ५ फूट पट्टा पद्धत : साधारण एक मीटर रुंदीचा मिनी ट्रॅक्टर १५० सेंमीच्या पट्ट्यातून दोन्ही बाजूंना २५ सेंमी जागा ठेवून जातो. तो ओळीवरून नव्हे, ओळींमधून चालत असल्याने उसाच्या उंचीचा प्रश्न येत नाही. पट्ट्याच्या आतील अडीच फुटांतील काम ऊस लहान असतानाच उरकावे.

चालू लागण अरुंद सरीत असेल तर यंदा आहे त्या साधनांनी काम भागवावे आणि पुढील लागणीला अंतर बदलावे. खोडव्यात सरीचे अंतर बदलता येत नाही. त्यामुळे एकदा घेतलेला निर्णय दोन-तीन वर्षे सोबत राहतो.

उंच गाडी म्हणजे वाफसा नव्हे

उंच ट्रॅक्टर ओल्या रानात पोट न टेकता जातो, म्हणून वाफसा नसताना आत जाण्याचा मोह होतो. शिरोळ, करवीर, हातकणंगले तालुक्यांतील भारी काळ्या जमिनीत हे फार नुकसानीचे ठरते. माती दबण्याचा संबंध टायरवरील वजन, हवेचा दाब आणि ओल यांच्याशी आहे, पोटाच्या उंचीशी नाही. दबलेल्या थरात मुळे खाली जात नाहीत आणि निचरा थांबतो. मूठभर माती दाबून गोळा करावा व कमरेइतक्या उंचीवरून टाकावा. गोळा फुटला तर रानात जावे, चपटा झाला तर थांबावे.

कायदा आणि विमा

ट्रॅक्टर हे नोंदणीकृत वाहन आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली आहे. ॲक्सल बदललेल्या ट्रॅक्टरचा अपघात झाल्यास विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो. गावात भाड्याने काम करणाऱ्या आणि ड्रायव्हर ठेवणाऱ्या मालकांनी याचा गांभीर्याने विचार करावा.

कंपनीचे उंच मॉडेल असल्यास देखभाल

- प्रत्येक पेटीतील तेल स्वतंत्र असते. चारही पेट्यांची किंवा जेवढ्या असतील तेवढ्यांची पातळी वेगवेगळी तपासावी.
- पाण्यातून किंवा चिखलातून काम केल्यावर तेल पाहावे. दुधाळ दिसल्यास सीलमधून पाणी शिरले आहे. तेल बदलून सील तपासावे.
- पेटीचा ब्रीदर मातीने बंद होऊ देऊ नये. तो बुजला की गरम तेल सीलमधून बाहेर पडते.
- एक तास कामानंतर ट्रॅक्टर बंद करून दोन्ही बाजूंच्या पेट्यांना सावधपणे हात लावून पाहावा. एक पेटी दुसरीपेक्षा स्पष्टपणे गरम असेल तर बेअरिंग किंवा तेलात दोष असतो.
- ड्रेन प्लगवर चमकणारे लोखंडाचे तुकडे आढळल्यास काम थांबवावे.
- सुरक्षा चौकट आणि सीट बेल्ट वापरावा. हिच कधीही वर बांधू नये.

खरेदीपूर्वी काय विचारावे?

मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था ट्रॅक्टरची चाचणी घेते. तिच्या अहवालात किमान ग्राउंड क्लिअरन्स, गुरुत्वमध्याचे स्थान आणि चाकांमधील अंतराची मर्यादा दिलेली असते. विक्रेत्याकडून तो अहवाल मागावा. पॉवर टिलर, मिनी ट्रॅक्टर किंवा अवजारांसाठी कृषी यांत्रिकीकरण योजनेचा अर्ज महाडीबीटीवर करता येतो. त्या वेळी लागू असलेल्या अटी तालुका कृषी कार्यालयातून समजून घ्याव्यात आणि पूर्वसंमती मिळाल्यानंतरच खरेदी करावी.

विस्तार कार्यकर्त्यांनी सल्ला देताना तीन मापे शेतकऱ्यासमोरच घ्यावीत : सरीचे अंतर, ट्रॅक्टरच्या चाकांमधील अंतर आणि जेठ्या कोंबाच्या टणक भागाची उंची. पहिली दोन जुळत नसतील तर ट्रॅक्टर कितीही उंच केला तरी चाक उसावरच जाणार. जुळत असतील तर बहुतेक शेतांत बाळभरणी मूळ उंचीच्या ट्रॅक्टरनेच होते आणि मोठी बांधणी ओळींमधून चालणाऱ्या लहान यंत्राने करता येते.